मदत हवी आहे: बर्लिनमध्ये नॉयक्योल्नला (अरबी-तुर्की वस्ती बरीच असलेला भाग) राहायला जावं का?

आम्ही दोघंच, मुलं नाहीत, जर्मन जेमतेम ए२ (म्हणजे प्राथमिक पातळी), तुर्की-अरबी शून्य. तिथल्या झोनेनआले या मोठ्या रस्त्याच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर मिळतंय, करार मूळ मालकाशीच आहे आणि आन्मेल्डुंग (पत्त्याची सरकारी नोंदणी) होईल, त्यामुळे फसवणुकीची भीती नाही. ऑफिस आडलर्सहोफला, हेर्मानश्ट्रासे स्टेशनवरून एस-बान (लोकल ट्रेन) थेट.

ऑफिसातले जर्मन लोक म्हणतात नको, ३१ डिसेंबरला फटाके बघ मग कळेल. पण त्यांच्यातलं तिथे कोणी राहिलेलं नाहीये! म्हणून आम्हीच दोनदा जाऊन आलो, एकदा शनिवारी दुपारी आणि एकदा बुधवारी रात्री १० नंतर, बायका-पोरं रस्त्यावर, बेकऱ्या उघड्या, उलट आमच्या आत्ताच्या शांत एरियापेक्षा बरं वाटलं, कोथिंबिरीची जुडीसुद्धा चांगली जाड मिळाली. पण दोन चकरांत काय कळणार.

भाडं, ट्रेन सगळं बघून झालंय, स्पांडाऊ वगैरे दुसरे भाग सुचवू नका प्लीज. तिथे राहिलेल्यांनीच सांगा: रस्त्याकडे नसलेल्या, अंगणामागच्या बिल्डिंगमध्ये रात्री झोप लागते का? आणि अरबी-तुर्की शेजाऱ्यांशी ओळख खरंच होते, की वर्षानुवर्षं नुसतं हॅलोच?