मुंबईत बिल्डिंगचे दोन ऑडिट रिपोर्ट वेगवेगळे आलेत, काय करू?

आमची बिल्डिंग तीस वर्षांच्या वर गेली म्हणून स्ट्रक्चरल ऑडिट केलं, तर कमिटीचा इंजिनीअर म्हणतो सी-१ आणि आम्ही काही जणांनी आणलेला म्हणतो सी-२बी, आता घर सोडायचं की नाही?

उत्तर: सी-१ म्हणजे धोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२बी म्हणजे राहून रिपेअर होतं. दोन्ही रिपोर्ट वॉर्ड ऑफिसला द्या, असा वाद पालिकेच्या टॅक कमिटीकडे (तांत्रिक सल्लागार समिती) जातो.

उत्तर: आणि ३५४ची नोटीस (पालिकेची, धोकादायक बिल्डिंग रिकामी करण्याची) आलीच तर सोडण्याआधी पालिकेकडून घराचं मोजमाप लेखी घ्या, पुढे हक्क दाखवायला ते कामी येतं. पण कॉलमला मोठ्या भेगा असतील तर निकालाची वाट बघू नका, म्हाताऱ्यांना आधी हलवा प्लीज.

उत्तर: उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी बिल्डिंग असेल तर म्हाडाकडेही जा.