युरोप चौकशी: चार शहरं, चौदा रात्री, पाच माणसं

नेहा (ए-१०२): नमस्कार मंडळी 🙏 मे महिन्यात युरोपला निघतोय. रोम ४ रात्री, प्राग ३, अ‍ॅमस्टरडॅम ३, पॅरिस ४. आम्ही दोघं, सासू-सासरे आणि आठ वर्षांचा लेक. टूर कंपनी नाही, सगळं आपलं आपणच. माहितगारांनी सांगा, कुठून सुरुवात करू?

जोशीकाका (बी-३०४): व्हिसापासून. चारही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत, त्यामुळे व्हिसा एकच. ज्या देशात रात्री जास्त, त्याच्याकडे अर्ज करायचा. तुमच्या इटलीत ४ आणि फ्रान्समध्येही ४, म्हणजे बरोबरी. अशा वेळी ज्या देशातून आत शिरणार तो धरतात, म्हणजे इटली. दुसऱ्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळतेय म्हणून तिकडे अर्ज टाकू नका. हॉटेलच्या बुकिंगमधल्या रात्री ते मोजतात आणि हिशोब जुळला नाही तर अर्ज नाकारतात. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वयाच्या मुलांना ४५. तुमचे पाच जणांचे ४०५ युरो, वर व्हिसा केंद्राचा सेवाशुल्क वेगळा. प्रवासविमा प्रत्येकाचा किमान ३०,००० युरोंचा हवा. प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून पंधरा दिवसांपर्यंत अर्ज घेतात, पण मेसाठी पंधरा दिवसांवर मुळीच जाऊ नका. आपल्याकडे शाळेच्या सुट्टीची सगळी गर्दी तेव्हाच असते.

अमेय (डी-२०३, सध्या म्युनिक): काका, एक भर घालतो. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे नवी नोंदणी सुरू झाली आहे. पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी चेहऱ्याचा फोटो घेतात आणि व्हिसाच्या वेळी दिलेले बोटांचे ठसे जुळवून बघतात. बाराच्या आतल्या मुलांचा फक्त फोटो. पहिल्या वेळी यात वेळ जातो. आणि हे शेंगेनमधल्या पहिल्या विमानतळावर होतं. म्हणजे रोमला जाताना मध्ये फ्रँकफर्टला विमान बदलणार असाल तर रांग फ्रँकफर्टला. नेहाताई, जोडविमानाला दीड तासाचं अंतर दाखवत असतील तर घेऊ नका, तीन तास ठेवा.

नेहा (ए-१०२): हे कुणीच सांगितलं नव्हतं! बरं, सासूबाईंनी आत्तापासूनच डबे भरायला घेतलेत. काय चालतं?

शिल्पाताई (सी-५०१): थांबव त्यांना, आधी यादी बघा. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, खवा, पनीर, चीज आणि साजूक तुपाची बरणी सगळं बाद. सापडलं तर काढून घेतात, दंडही होऊ शकतो. ताजी फळं-भाज्यांना रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे कढीपत्ता, मिरच्या, आंबे नाहीत. मे महिना म्हटलं की हापूस न्यायचा मोह होतोच, पण तो इथेच खाऊन जा. पाचच फळांना सूट आहे: केळं, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन.

चालतं ते: चिवडा, चकली, मेतकूट, भाजणी, थालीपिठाचं पीठ, भाजलेला रवा, शेंगदाण्याची चटणी, तेलावर परतलेला उपमा मिक्स, डाळीची खिचडी कोरडी करून. उपम्याच्या मिक्समध्ये तूप घालू नका, तेलात परता, टिकतंही जास्त. कढीपत्ता आधीच परतून कुरकुरीत करून घातलेला बरा. लोणचं चेक-इन बॅगेत, बरणी नको, झिपच्या दोन पिशव्यांत एकात एक. केबिन बॅगेत लोणचं, चटणीची पेस्ट, मध हे द्रव धरतात आणि १०० मिलीच्या वर काढून घेतात.

भोसलेकाकू (ए-४०२): शिल्पा, तिकडे गरम पाण्याची सोय?

शिल्पाताई (सी-५०१): काकू, रोम-पॅरिसच्या बऱ्याच खोल्यांत किटली नसते. छोटी प्रवासी किटली न्यावी. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, त्यामुळे कन्व्हर्टर नको, फक्त अडॅप्टर हवा. मोबाईलच्या चार्जरची बारीक दोन पिन बहुतेक ठिकाणी सरळ बसते. आपली जाड तीन पिन बसत नाही. अडॅप्टर घेताना एक बघायचं: प्राग, पॅरिस, अ‍ॅमस्टरडॅमला सॉकेट भिंतीत गोल खोलगट असतं. आपल्याकडे मिळणारा चौकोनी 'सगळ्या देशांचा' ठोकळा त्या खळग्यात पूर्ण शिरत नाही, सैल राहतो आणि किटली लावली की तापतो. गोल तोंडाचा साधा युरोप अडॅप्टर घ्या, तीन-चार. इटलीत मात्र एका रेषेत तीन भोकं असलेलं सॉकेटही भेटतं. त्यात चार्जरची बारीक पिन जाते, जाड गोल तोंडाचा अडॅप्टर जात नाही. किटलीसाठी तिथला वेगळा घ्या.

जोशीकाका (बी-३०४): आता मुख्य मुद्दा, तिकिटं. पाहुण्यांचा सगळ्यात जास्त दंड इथेच जातो, आणि तोही बहुतेकदा खिशात तिकीट असताना. आपल्या लोकलसारखंच बऱ्याच ठिकाणी फाटक नसतं, टीसी असतो. फरक एवढाच की तिथे तिकीट विकत घेतलं म्हणजे ते सुरू झालं असं नाही. त्यावर वेळेचा शिक्का पडला तरच ते चालू. शिक्का नाही म्हणजे ते तिकीट पुन्हा वापरता येईल, म्हणून तपासनीस त्याला विनातिकीटच धरतो. 'माहीत नव्हतं' चालत नाही, वाद घालू नका.

शहरवार सांगतो.

रोम: साधं तिकीट दीड युरोचं, पहिल्या शिक्क्यापासून १०० मिनिटं. त्यात बस कितीही बदला, पण मेट्रोत एकदाच शिरता येतं. बसमध्ये चढल्याबरोबर मशीनमध्ये घालायचं. बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड मेट्रोच्या फाटकावर आणि बसमध्येही चालतं, पण एका माणसाला एक कार्ड. एकच कार्ड चारदा टेकवून चौघं आत जाता येत नाही. लेकाला तिकीट नको, दहाच्या आतली मुलं मोठ्यांबरोबर मोफत.

विमानतळावरून तेर्मिनी स्टेशनला लिओनार्दो एक्स्प्रेस: ३२ मिनिटं, १४ युरो. कागदी तिकीट घेतलंत तर फलाटावरच्या छोट्या मशीनमध्ये शिक्का मारूनच गाडीत चढा. इटलीतल्या सगळ्या प्रादेशिक गाड्यांना हाच नियम. मोबाईलवर प्रादेशिक तिकीट काढलं तर शिक्क्याऐवजी चढण्याआधी लिंकवर 'चेक-इन' करावं लागतं. आसन क्रमांक असलेल्या वेगवान गाडीला, फ्रेच्चारोसाला, यातलं काही नको.

प्राग: मेट्रोला फाटक नाही. सरकत्या जिन्याच्या तोंडाशी पिवळी पेटी असते, तिच्यात बाणाच्या बाजूने तिकीट घालायचं. ट्राममध्ये पेटी आतच. एकदाच शिक्का, बदलताना पुन्हा नाही. दुसरा शिक्का पडला तर तिकीट बाद. ट्राममधल्या कार्डमशीनमधून काढलेल्या तिकिटावर शिक्का आधीच असतो. अ‍ॅपवरचं तिकीट सुरू केल्यावर लगेच लागू होत नाही, एक-दोन मिनिटं जातात. ती मिनिटं फलाटावर काढा, डब्यात नाही. लेक इथेही मोफत, पंधरापर्यंत.

नेहा (ए-१०२): काका, थांबा थांबा, लिहून घेतेय.

सेक्रेटरी (बी-१०१): लिहू नका, मी वर पिन करतो. पाण्याच्या टँकरची सूचना तात्पुरती खाली घेतोय.

अमेय (डी-२०३): अ‍ॅमस्टरडॅम मी सांगतो. तिथे शिक्का नाही, पण चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा कार्ड टेकवायचं, ट्राम असो, बस असो, रेल्वे असो. उतरताना विसरलं की प्रवास कितीही छोटा असो, ठरावीक रक्कम कापली जाते. नंतर संकेतस्थळावर दुरुस्त करता येतं, पण ती कटकट कशाला. चढताना फोन आणि उतरताना कार्ड असं करू नका. एकाच बँकेचं असलं तरी यंत्राला ते दोन वेगळे प्रवासी दिसतात, दोघांचाही प्रवास अर्धवट राहतो. रेल्वेतून उतरून मेट्रोत जाताना कंपनी बदलते, म्हणून एकीकडे बाहेर टेकवून दुसरीकडे आत टेकवायचं. ट्राममध्ये रोख पैसे घेत नाहीत.

आणि लाल डांबराचा पट्टा दिसला की तो सायकलींचा. फूटपाथ समजून आजोबांना तिथे उभं करू नका. सायकलवाले वेगात असतात आणि थांबत नाहीत.

अ‍ॅन फ्रँक हाउस बघायचं असेल तर तिकीट फक्त ऑनलाइन. दर मंगळवारी तिथले सकाळी १० वाजता सहा आठवड्यांनंतरच्या आठवड्याची तिकिटं खुली होतात. एप्रिल-मेमध्ये ते आपले दुपारचे दीड वाजतात. त्याच दिवशी बसा. ए-४ कागदापेक्षा मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत.

भोसलेकाकू (ए-४०२): आता मी विचारते, कारण कुणी विचारणार नाही. शौचालयाचं काय?

शिल्पाताई (सी-५०१): काकू, बरं झालं विचारलंत. स्टेशनवर पैसे पडतात, ५० सेंट ते १ युरो, म्हणून सुटी नाणी वेगळ्या पाकिटात ठेवा. कॅफेत कॉफी घेतली की तिथलं वापरता येतं.

पॅरिसच्या रस्त्यांवर करड्या रंगाच्या मोफत स्वयंचलित खोल्या आहेत. एक माणूस बाहेर आला की दार बंद होऊन आतली खोली पाण्याने धुतली जाते, मग हिरवा दिवा लागतो आणि पुढचा जातो. एक बाहेर येताना दुसऱ्याने दार धरून आत शिरायचं नाही. धुलाई आधी पूर्ण होऊ द्या. आपल्याकडे 'जा पटकन, दार उघडंच आहे' म्हणायची सवय असते, ती इथे सोडा. लेकाला नीट समजावून ठेवा.

पाण्याचा प्रश्न: इटलीत हॉटेलच्या न्हाणीघरात बहुधा बिडे (धुण्यासाठीचं बसकं बेसिन) असतं. बाकी तीन शहरांत नुसता कागद. दाबायची प्रवासी बाटली मिळते, ती माणशी एक घ्या.

जोशीकाका (बी-३०४): पिण्याचं पाणी विकत घेऊ नका. चारही शहरांत नळाचं पाणी पिता येतं. रोममध्ये रस्त्यारस्त्यावर लोखंडी नळ आहेत, 'नासोने' म्हणतात, साधारण अडीच हजार. पाणी सतत वाहतं, थंड असतं. खाली वाकून ओंजळ धरायची गरज नाही. नळाचं तोंड बोटाने खालून दाबलं की वरच्या बारीक भोकातून कारंजं येतं, त्याला तोंड लावा. पॅरिसच्या हॉटेलात 'काराफ दो' म्हणा, जग भरून नळाचं पाणी येतं आणि ते फुकट असतं. नुसतं 'वॉटर' म्हटलं की बाटली येते आणि बिलात लागते.

नेहा (ए-१०२): सासूबाई अंडंही खात नाहीत. खाण्याचं कसं जमेल?

शिल्पाताई (सी-५०१): रोम सोपं. पिझ्झा मरिनारा मागा: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. चीजच नाही. चीज कटाक्षाने बघायचं असेल तर पार्मिजानो आणि ग्राना पादानो ही वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजवतात. पास्त्यावर किसून घालतात, म्हणून आधीच नको म्हणा. ताजा पास्ता अंड्याचा असू शकतो, सुका पास्ता साधारणपणे रवा-पाण्याचा. दुपारी तीननंतर स्वयंपाकघरं बंद होतात ती संध्याकाळी सात-साडेसातला उघडतात. आजी-आजोबांच्या सहाच्या जेवणाची सोय तुमच्या डब्यातून. बिलात 'कोपेर्तो' दिसलं तर ते बैठकीचे माणशी पैसे आहेत, फसवणूक नाही. कॉफी काउंटरला उभ्याने प्या, बसलं की दर वाढतो.

पॅरिसला कांद्याचं सूप शाकाहारी समजू नका, ते गोमांसाच्या रश्शात करतात. मारे भागात रू दे रोझिए गल्लीत फलाफल चांगलं मिळतं. गार द्यू नोर स्टेशनच्या मागे ला शापेलला तमिळ दुकानं आहेत. इडली, डोसा, नारळ, कढीपत्ता सगळं. प्रागला स्वयंपाक मांसप्रधान. तळलेलं चीज मिळतं, पण त्याच्या आवरणात अंडं असतं. तिथे भाजणी उपयोगी पडेल.

अमेय (डी-२०३): पैशांचं राहिलं. प्रागला युरो नाही, कोरुना. एटीएम आणि कार्डमशीन दोन्ही विचारतात, 'रुपयांत घेऊ का?' नेहमी नाही म्हणा आणि स्थानिक चलन निवडा. रुपये निवडले की दर मशीनवाला लावतो आणि तो महाग असतो. पडद्यावर 'विदाउट कन्व्हर्जन' हे बटण कोपऱ्यात बारीक असतं, ते शोधा. पैसे बदलण्याच्या दुकानात फसलात तर कायद्याने तीन तासांत व्यवहार रद्द करता येतो, १,००० युरोंपर्यंत. पावती मात्र हवी. रस्त्यात नोटा घेऊन उभ्या माणसाकडे बघूही नका.

जोशीकाका (बी-३०४): बंद दिवस पाहून बेत आखा. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद. ओर्से संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी. व्हॅटिकन म्युझियम रविवारी, फक्त महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. लूव्र आणि कोलोसियमला लेक मोफत, तरी त्याच्या नावाचं शून्य रकमेचं बुकिंग करावंच लागतं. कोलोसियमच्या तिकिटावर नाव पासपोर्टप्रमाणे. व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चला खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. सासूबाईंच्या साडीला अडचण नाही, लेकाची हाफपँट बघा.

नेहा (ए-१०२): सासूबाईंचे गुडघे दुखतात. पॅरिसला मेट्रो झेपेल?

जोशीकाका (बी-३०४): टाळा. पॅरिस मेट्रो जुनी, जिने फार आणि लिफ्ट बहुतेक स्टेशनांना नाही. १४ नंबरची लाइन तेवढी पूर्ण लिफ्टची. जुन्या गाड्यांत दारही आपोआप उघडत नाही, बटण दाबावं किंवा कडी उचलावी लागते. गर्दीत ते जमेपर्यंत स्टेशन जातं. तुम्ही बस धरा. ६९ नंबर आयफेलजवळच्या शां द मार्सपासून लूव्र आणि बास्तीलवरून जाते. प्रत्येकाचं वेगळं नाविगो ईझी कार्ड घ्या, २ युरोंचं, आणि त्यावर 'बस-ट्राम' तिकीट भरा. मेट्रोचं तिकीट बसला चालत नाही. पुढच्या दाराने चढायचं, कार्ड टेकवून हिरवा दिवा बघायचा, मग बसायचं.