हापूसच्या हंगामात मेसेज बघायचे कधी?

देवगडची बागायतदार:
एप्रिलात सकाळी खळ्यात प्रतवारी चालते. वजनाप्रमाणे फळं वेगळी काढायची, देठ बघायचा, पेंढ्यात बसवायची. नजर हलली की डागी फळ पेटीत जातं, आणि फोन तेव्हाच वाजत राहतो. बंद ठेवावा तर पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक दुसरीकडे वळतं, ट्रान्सपोर्टवाल्याचा निरोप चुकला तर माल पडून राहतो. तुम्ही कसं जमवता?

मालवण होमस्टे:
ताई, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्या. त्यात ‘अवे मेसेज’ची, म्हणजे आपण नसताना आपोआप जाणाऱ्या उत्तराची, वेळ लावता येते. मी लिहिलंय, ‘स्वयंपाकघरात आहे, बारा वाजता उत्तर देते.’ वेळ सांगितली की माणसं थांबतात, फक्त ती पाळायला हवी. भाव, पेटीचा आकार, पोचायचे दिवस यांची उत्तरं ‘क्विक रिप्लाय’मध्ये साठवा. नातेवाइकांचे ग्रुप कायमचे म्यूट करा, कुणाला कळतसुद्धा नाही.

रत्नागिरीकर:
कामातल्या व्यत्ययांवर संशोधन करणाऱ्या ग्लोरिया मार्क यांच्या २००८ च्या प्रयोगात व्यत्यय आलेल्या लोकांनी काम उलट लवकर उरकलं, पण ताण आणि घाई वाढली. प्रतवारीत घाई म्हणजे नुकसानच. ट्रान्सपोर्टवाल्याला मात्र मेसेज नको, फोनच करायला सांगा.

देवगडची बागायतदार:
हे पटलं. त्याच्या नंबराला वेगळी रिंगटोन लावते, बाकी मेसेजचा आवाज बंद. गिऱ्हाइकांना कुठली वेळ सांगू, जेवणाआधीची की गाडी भरून गेल्यावरची?

मालवण होमस्टे:
आधीची. त्याच दिवशीच्या गाडीत ऑर्डर घेता येईल.