अर्थसंकल्पाकडे एवढं लक्ष द्यावं का? तुमचे अनुभव लिहा

१ फेब्रुवारीला सकाळी अकरा वाजता भाषण सुरू होतं आणि दिवसभर 'काय स्वस्त, काय महाग' चालतं. पण जुलै २०१७ पासून बहुतेक वस्तूंवरचा कर जीएसटी परिषद ठरवते. रेल्वेचा वेगळा अर्थसंकल्प त्याच वर्षी बंद झाला. कंपनी करातली मोठी कपात तर सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकमाने आली. मग या दिवसाचं महत्त्व उरलंय किती? माझं मत असं की लक्ष द्यायलाच हवं, पण भाषणापेक्षा नंतरच्या दोन महिन्यांकडे. तुमच्या आयुष्यात अर्थसंकल्पाने खरंच काही बदललं असेल, किंवा काहीच बदललं नसेल, तर इथे सांगा.

खासगी नोकरदार: बदललं असतं, थोडक्यात वाचलो. २९ फेब्रुवारी २०१६ च्या भाषणात भविष्य निर्वाह निधीच्या ६० टक्के रकमेवर काढताना कर लावायचं सुचवलं होतं. आमच्या कँटीनमध्ये त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. सह्यांची पत्रकं फिरली, कामगार संघटना उठल्या, आणि ८ मार्चला प्रस्ताव मागे घेतला गेला. लोकांनी भाषण ऐकलंच नसतं तर?

कर सल्लागार: सहमत. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात घरविक्रीवरचा इंडेक्सेशनचा लाभ, म्हणजे महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून नफा मोजायची सवलत, काढला. जुनी घरं विकायला काढलेले अशील रडकुंडीला आले होते. ऑगस्टमध्ये वित्त विधेयकात दुरुस्ती होऊन आधी घेतलेल्या घरांना जुन्या आणि नव्या हिशेबातला जो कर कमी पडेल तो भरायची मुभा मिळाली. भाषणानंतर डोळे मिटून घेणाऱ्यांना हे उशिरा कळलं. एकाने तर दुरुस्तीची वाट न पाहता घाईने सौदाच मोडला.

किराणा दुकानदार: माझं खरं बजेट २२ सप्टेंबर २०२५ ला आलं. जीएसटीचे दर बदलले, मालाच्या किमती नव्याने लावायच्या, बिलाच्या मशीनमध्ये एकेक वस्तू शोधून दर बदलायचे. मुलगा आणि मी रात्री उशिरापर्यंत बसलो होतो. फेब्रुवारीत मी टीव्ही लावत नाही.

सरकारी कर्मचारी, तालुका पातळी: मी लेखा विभागात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. भाषणात तरतूद जाहीर झाली म्हणजे पैसा आला असं लोक धरून चालतात. गावातून सरपंच येतात, कात्रण दाखवतात, "साहेब, मंजूर झालंय की." मंजुरी वेगळी, निधी वितरण वेगळं आणि प्रत्यक्ष खर्च आणखी वेगळा. वर्षभर थोडं थोडं येतं आणि ३१ मार्चच्या आधी एकदम सुटतं. मग बिलं कोषागारात पोहोचवायची धावपळ. तेव्हा काम नीट झालंय का हे पाहायला कुणाला वेळ असतो? म्हणून मी सगळ्यांना सांगतो, यंदाचा आकडा सोडा. मागच्या वर्षीच्या अंदाजासमोर 'सुधारित' आणि त्याआधीच्या वर्षाचा 'प्रत्यक्ष' असे रकाने असतात ते बघा. जाहीर केलेल्या योजनेचं काय झालं ते तिथेच कळतं. आणि राज्याच्या पुरवणी मागण्या, म्हणजे वर्षाच्या मध्येच मागितलेला जादा खर्च, त्याही वाचा. त्यांची बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते.

गृहिणी: मला यातलं फार कळत नाही, पण 'रुपया कसा येतो, कसा जातो' हे चित्र मी कापून ठेवते. २०२५-२६ मध्ये रुपयातले २० पैसे नुसत्या व्याजात जाणार होते, संरक्षणाला ८ पैसे. त्यावर आमच्या भिशीत तासभर बोलणं झालं.

पदवीचा विद्यार्थी: मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. मार्च २०२३ मध्ये सुमारे ४५ लाख कोटींचा अर्थसंकल्प लोकसभेत गोंधळातच, चर्चेविना मंजूर झाला. भाषणाच्या दिवशी आमचं अख्खं हॉस्टेल मोबाइलवर होतं. मंजुरीच्या दिवशी आम्हाला पत्ताही नव्हता. आमच्या खासदारांना विचारायला हवं की त्या दिवशी ते सभागृहात होते का. पत्र लिहून ठेवलंय, उद्या टाकतो. ज्यांना सही करायची असेल त्यांनी खाली कळवा.