३७ हा आकडा आपण कशासाठी मोजत होतो?

कात्रणवही
रद्दी आवरताना जून २०२२च्या शेवटच्या आठवड्यातील वर्तमानपत्रे हाती आली आणि काम बाजूला राहिले. शिवसेनेचे आमदार ५५, त्यांचे दोन तृतीयांश म्हणजे ३७, आणि तेवढे एकनाथ शिंदे यांच्याकडे जमले की पक्षांतरबंदी कायद्याची भीती संपली, असा बहुतेक बातम्यांचा सूर दिसतो. मात्र ११ मे २०२३चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि १० जानेवारी २०२४चा विधानसभा अध्यक्षांचा निर्णय यांत हा आकडा निर्णायक ठरला नाही. असे का झाले? आणि उद्धव ठाकरे यांच्या राजीनाम्याला न्यायालयाने इतके महत्त्व का दिले?

तालुका वकील
आकडा बरोबर होता, नियम अर्धा छापला जात होता. १९८५च्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजेच पक्षांतरबंदी कायद्यात, एक तृतीयांश आमदारांच्या फुटीला संरक्षण होते. ते २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीने गेले. आता दोन तृतीयांशांची अट आहे ती विलीनीकरणासाठी, आणि शिंदे गट तर कोणत्याच पक्षात विलीन झाला नाही. आपणच शिवसेना आहोत, असा त्याचा दावा होता. त्यामुळे वाद मूळ पक्ष कोणाचा यावर गेला आणि विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी त्याच मुद्द्यावर निर्णय देताना दोन्ही बाजूंच्या आमदारांना अपात्र ठरवले नाही.

राजीनाम्याचे म्हणाल, तर बहुमत चाचणी घेण्यास सांगण्याचा राज्यपालांचा निर्णय समर्थनीय नव्हता, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट म्हटले. परंतु ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता २९ जूनला स्वतःहून राजीनामा दिल्यामुळे त्यांचे सरकार पुन्हा स्थापित करता येत नाही, असेही त्याच निकालात आहे. फेसबुकवरून दिलेल्या त्या राजीनाम्याच्या बातम्यांत भावनेला भरपूर जागा मिळाली. हा परिणाम त्या रात्री कोणाच्या लक्षात आला असता, हा प्रश्न वेगळा.

मांडवीकाठ
तुमचे गणित जसेच्या तसे पाहायचे असेल तर गोव्यात या. जुलै २०१९मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आणि सप्टेंबर २०२२मध्ये ११ पैकी ८ आमदार भाजपमध्ये विलीन झाले. (दुसऱ्या वेळी तर निवडणुकीआधी मंदिर, चर्च आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी निष्ठेच्या शपथा झाल्या होत्या.)

आणखी एक. गोव्याच्याच रवी नाईक प्रकरणात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पक्षाचे सदस्यत्व स्वेच्छेने सोडणे आणि राजीनामा देणे या दोन गोष्टी एक नव्हेत; आमदाराच्या वर्तनावरूनही त्याने पक्ष सोडल्याचा निष्कर्ष काढता येतो. तरीही ‘राजीनामा दिलेला नाही, म्हणजे ते पक्षातच आहेत’ असे वृत्तवाहिन्यांवर आजही सर्रास ऐकू येते.

निवृत्त उपसंपादक
आमच्या बाजूने कबुली देतो. शिंदे गटाचा मुक्काम आधी सुरत, मग गुवाहाटी, रोज दोन-तीन आमदारांची भर: असा वाढता आकडा मथळ्याला आयता मिळतो, परिशिष्टातील अट मिळत नाही. त्यात त्या गटातील आमदार शहाजीबापू पाटील यांचे ‘काय झाडी, काय डोंगर’ आले आणि उरलेली जागाही गेली. शब्दांचेही तेच झाले. शिंदे गट ‘उठाव’ म्हणे, ठाकरे गट ‘गद्दारी’, आणि आम्ही मधला म्हणून ‘बंड’ निवडला. पण त्या शब्दातही पक्ष एकच आहे आणि त्याचा प्रमुख ठरलेला आहे, हे गृहीत होते. निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी नाव आणि धनुष्यबाण शिंदे यांना दिल्यावर, कालपर्यंत ‘बंडखोर’ असलेल्यांना पानावर काय म्हणायचे, हा पेच प्रत्येक वृत्तकक्षापुढे उभा राहिला.