मदत हवी आहे : १८५७ च्या शिपायाच्या हातात नेमकी कुठली बंदूक द्यायची?

नमस्कार मंडळी,

मी नागपूरची. आमच्या ग्रुपची एकांकिका बसते आहे, नागपूरजवळच्या टाकळीच्या १८५७ च्या कटावर. प्रॉपर्टी माझ्याकडे आहे. पागोटी झाली, कंदील मिळाले, घोड्याचं खोगीरही एकाने आणून दिलं. काम अडलंय ते बंदुकांवर.

ज्यांना हा प्रसंग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. रघूजी भोसले तिसरे डिसेंबर १८५३ मध्ये वारले, वारस नाही म्हणून डलहौसीने १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा केलं. नंतर इंग्रजांनी इथे जी फौज उभी केली तिचं अनियमित घोडदळ टाकळीला होतं. १३ जून १८५७ च्या रात्री उठायचं ठरलं. शहरातून मध्यरात्री पेटते फुगे आकाशात सोडायचे, ही खूण. त्या घोडदळातला दिलदार खाँ पायदळाला उठवायला गेला आणि तिथेच धरला गेला. फुगे सुटलेच नाहीत. पुढे त्याला आणि त्याच्या साथीदारांना फाशी झाली. नागपुरात राहून शाळेत हे कधी ऐकलं नव्हतं, म्हणून नाटक करतोय.

आमच्या नाटकात एकही गोळी सुटत नाही. पण चाळीस मिनिटं माणसं हत्यारं घेऊन खुणेची वाट बघत बसलेली असतात. कोणी पुसतंय, कोणी मांडीवर आडवी घेऊन बसलंय. पहिल्या रांगेतला माणूस त्या बंदुकीकडेच बघणार.

संदर्भ म्हणून शिपायांच्या उठावावरचा एक युद्धपट पाहिला. वाद नको म्हणून नाव देत नाही. सुरुवातीला काडतूस दाताने फाडण्याचा प्रसंग फार जीव ओतून घेतलाय, शिपायाच्या ओठाला लागलेला तो चिकट कागद अगदी जवळून दिसतो. आणि तासाभराने लढाईत तोच शिपाई काय करतो? चापाच्या मागची एक कडी खाली ओढतो, वरून अंगठ्याने चकचकीत पितळी काडतूस आत सारतो, कडी वर, धाड! मी तो तुकडा चार वेळा मागे घेऊन पाहिला. दुसऱ्या एकाच्या बंदुकीला तर उजवीकडे दांडी होती, ती मागेपुढे करून तो गोळ्या झाडत होता.

मला बंदुकांतलं फार कळत नाही, पण एवढं कळतं की काडतूस मागून भरता येत असेल तर ते दाताने फाडायचंच कशाला? आणि फाडायचं नसेल तर माणसं पेटली कशावर? सगळ्या गोष्टीचा कणाच तिथे मोडतो. आमच्याकडून हे होऊ नये असं मनापासून वाटतं.

रविवारी अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या संग्रहालयात जाऊन शस्त्रांच्या दालनात तासभर उभी होते. जुन्या बंदुका पाहिल्या, पण त्यातली १८५७ च्या शिपायाच्या खांद्यावर शोभेल अशी कुठली, हे माझं मला ठरवता येईना.

तर प्रश्न असे : सिनेमातल्या त्या दोन बंदुका कुठल्या? खऱ्या शिपायाकडे तेव्हा काय होतं? आणि टाकळीच्या स्वारांच्या हातात आम्ही काय द्यावं? महिन्याभरात प्रयोग आहे.

प्रतिसाद १

ताई, मी कामठीला राहतो. फौजेत आर्मरर होतो, सगळी नोकरी बंदुका उघडण्यात आणि बसवण्यात गेली. तुमची शंका बरोबर आहे, आणि ती तुम्हाला आली याचा आनंद झाला.

कडीवाली बंदूक म्हणजे मार्टिनी-हेन्री. ओळखायची सोपी खूण : तिला बाहेरून घोडाच (चाप ओढला की आपटतो तो हातोडा) दिसत नाही. ती ब्रिटिश फौजेत आली १८७१ मध्ये, उठावानंतर चौदा वर्षांनी. दांडीवाली बोल्ट ॲक्शन, ली-मेटफर्ड किंवा ली-एनफिल्ड घराण्यातली. ते घराणंच १८८८ पासूनचं. मधे आणखी एक असते जी भल्याभल्यांना फसवते, स्नायडर, १८६६ ची. ती मुळात जुन्या एनफिल्डचीच नळी मागून कापून बनवलेली, त्यामुळे दुरून हुबेहूब एनफिल्ड. मागे उजव्या बाजूला उघडणारं झाकण दिसलं की समजायचं, ही १८५७ ची नाही.

आता खरी गोष्ट. जिच्यावरून सगळं पेटलं ती १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड. ठासणीची बंदूक, पण नळीला आतून आटे पाडलेले. छिद्र ०.५७७ इंच. आट्यांमुळे गोळी फिरत जाते आणि लांबवर नेम धरते, हिच्या नेम धरायच्या मागच्या पट्टीवर ९०० यार्डांपर्यंतच्या खुणा होत्या. भरायची रीत अशी : घोडा अर्धा चढवायचा, कागदी काडतुसाचं दारूकडचं टोक फाडायचं, दारू नळीत ओतायची, काडतूस उलटं करून गोळीचं टोक नळीच्या तोंडात बसवायचं, उरलेला कागद तोडून टाकायचा, गजाने ठासायचं, गज परत जागेवर, मग टोपी (घोडा आपटला की ठिणगी देणारी छोटी धातूची वाटी) चढवायची, घोडा पूर्ण मागे, आणि मग चाप. शिकलेला शिपाई मिनिटाला दोन, फार तर तीन गोळ्या टाकायचा. चरबी होती ती गोळीभोवतीच्या कागदाला, तो कागद गोळीसकट आत जायचा. दात लागायचा दुसऱ्या टोकाला. पण पिशवीत सगळी काडतुसं एकाला एक चिकटून, त्यात उन्हाळ्याचे दिवस. चरबी कुठवर पसरली हे कोण सांगणार? शिपायाची शंका खुळी नव्हती.

सिनेमावाले जे हमखास विसरतात ते आता सांगतो. उठाव झाला तेव्हा बहुतेक शिपायांच्या हाती एनफिल्ड आलेलीच नव्हती. डमडम, अंबाला, सियालकोट इथल्या शिक्षणकेंद्रांवर थोड्या थोड्या तुकड्या शिकायला बोलावल्या होत्या, तेवढंच. बाकी बंगाल फौजेकडे जुनी मस्केट : टोपीची, गुळगुळीत नळीची, पाऊण इंच छिद्राची. शंभर यार्डांपलीकडे तिचा नेम राहत नाही. एनफिल्ड होती ती बऱ्याच गोऱ्या पलटणींकडे. म्हणजे जी बंदूक हातात धरायला शिपायांनी नकार दिला, तिच्याच गोळ्या त्यांनी पुढे अंगावर झेलल्या, आणि त्यांच्या बंदुकीची गोळी समोरच्यापर्यंत पोचतही नव्हती. मला विचाराल तर सगळ्या लढायांचं दुःख या एका फरकात आहे, आणि पडद्यावर दोन्हीकडे सारख्याच बंदुका दिसतात.

मेरठचंही तसंच. २४ एप्रिलला तिसऱ्या घोडदळाच्या ९० स्वारांपैकी ८५ जणांनी काडतूस घेतलं नाही. ती काडतुसं नव्या एनफिल्डची नव्हती, त्यांच्या नेहमीच्या कार्बाइनची, म्हणजे स्वाराच्या आखूड बंदुकीची होती. शिवाय दाताने नव्हे, हाताने फाडायचा हुकूम होता. तरी नाही म्हणाले, कारण विश्वासच उडाला होता. ९ मे रोजी सगळ्या पलटणीसमोर त्यांच्या पायात बेड्या ठोकल्या, दुसऱ्या दिवशी मेरठ उठलं.

आता टाकळी. तुमचे लोक स्वार, पायदळ नव्हे. लांब बंदूक घोड्यावर कामाची नाही. तेव्हाच्या अनियमित घोडदळात साधारणपणे शिलेदारी चालायची, स्वार घोडा आणि हत्यार आपलं आणायचा. मुख्य हत्यार तलवार, जोडीला भाला, कोणाकडे पिस्तूल, कोणाकडे कार्बाइन किंवा घरची तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीने उडवायची बंदूक. म्हणून सगळ्यांच्या हातात एकसारखी बंदूक देऊ नका. एक जण तलवारीला दगड लावत बसू दे, एक तोडा सुका आहे का बघू दे. एनफिल्ड रंगमंचावर आणूच नका.

प्रतिसाद २

पायदळाचा एखादा शिपाई दाखवणार असाल तर मापाकडे लक्ष द्या. आम्ही शाळेच्या नाटकाला हात-दीड हाताच्या बंदुका केल्या होत्या, मुलं शिकारीला निघाल्यासारखी दिसली. एनफिल्डच साडेचार फुटांच्या वर आहे, वजन सव्वाचार किलोच्या आसपास. जुनी मस्केटही काही हलकी-बुटकी नाही. दस्ता जमिनीवर टेकला की तोंड छातीच्या वर येतं, संगीन लावली तर माणसाच्या डोक्यावरून जाते. हलक्या पाइपची केली तर नट ती छडीसारखी फिरवतात आणि लगेच खोटं कळतं. सुताराकडून भरीव लाकडात करून घ्या, आत वजन घाला. पोकळ लोखंडी नळी अजिबात नको. नेताना कापडात गुंडाळून न्या.

धागाकर्ती

काका, तुमचा प्रतिसाद काल तालमीत सगळ्यांना वाचून दाखवला. मेरठच्या हाताने फाडायच्या हुकमापाशी आमचा दिग्दर्शक थांबला, म्हणाला हे पुन्हा वाच. आमच्या संहितेत एक स्वार काडतूस दाताने फाडून दाखवत दुसऱ्याला भडकवतो असा तुकडा होता. तो काढला. आता तो म्हणतो, "हाताने फाडा म्हणतात. आज हाताने म्हणतात, उद्या?" आणि गप्प बसतो.

सहा जणांपैकी चौघांना तलवारी, एकाला भाला, आणि जो सगळ्यात म्हातारा आहे त्याला तोड्याची बंदूक, बापाची म्हणून आणलेली. पायदळाचा शिपाई शेवटी येतो, दिलदार खाँ त्याला हलवून जागं करतो तेव्हा. त्याच्या उशाशी मस्केट भिंतीला टेकवून ठेवणार. लांबीचं सांगितलंत ते बरं झालं, मी साडेतीन फुटांची सांगून आले होते. सुताराला सकाळीच फोन करून थांबवलं.

एक गोष्ट अजून हवी आहे. जुन्या मस्केटची नळी दस्त्याला कशी धरून ठेवलेली असते? एनफिल्डच्या चित्रात तीन कड्या दिसतात, तशाच करायच्या का?

प्रतिसाद १

नाही ताई, त्या तीन कड्या एनफिल्डची खूण. जुन्या मस्केटला कड्या नसतात, दस्त्यातून आडव्या पिना घालून नळी बसवलेली असते, बाहेरून बारीक ठिपके दिसतात तेवढेच. गज मात्र नळीखाली दिसलाच पाहिजे, आणि तो ओढला की बाहेर यायला हवा. घोड्याखाली टोपी बसायची छोटी बोंडी असते, ती विसरू नका. लाकूड तासायच्या आधी सुताराचं आरेखन इथे टाका, बघून सांगतो. आणि प्रयोग कुठल्या सभागृहात, किती तारखेला, तेही लिहा. कामठीहून येईन.