मदत हवी आहे: क्रिकेट बघायचंय, कल्ला नकोय

नमस्कार मंडळी. राजकारण आणि स्टुडिओतली हाणामारी वगळून क्रिकेट कसं बघता तुम्ही? खरंच विचारतोय.

२०२५ च्या आशिया चषकाची फायनल घ्या. पाकिस्तान १ बाद ११३ वर होता, तिथून सगळा संघ १४६ वर गारद. कुलदीपचे ४ बळी. मग आपलीच अवस्था ३ बाद २०, आणि तिलक वर्माने नाबाद ६९ करून सामना काढला. आता हे कसं घडलं, कुलदीपने चेंडूचा टप्पा कुठे बदलला, तिलकने कोणत्या गोलंदाजावर जोखीम घेतली, हे ऐकायला मी टीव्ही लावला. चर्चा कशावर? भारताने जिंकूनही चषक का घेतला नाही, पाकिस्तानी खेळाडूंशी हस्तांदोलन का नाही, आणि एका चौकटीत सहा जण एकदम ओरडतायत. बातमी होती, मान्य. पण रात्रभर?

घरातही तेच. संघनिवडीवर एक शब्द काढला की काका विचारतात, "तू नेमका कुणाच्या बाजूचा?" अहो, मी फक्त तिसऱ्या फिरकीपटूबद्दल बोलत होतो!

तर सांगा: डावपेचांवर बोलणारं मराठी पॉडकास्ट किंवा चॅनेल कुठलं? समालोचन बंद करून फक्त मैदानातला आवाज ठेवता येतो का? रणजीचे सामने नीट कुठे बघता येतात? आणि काकांना न दुखावता विषय पुन्हा खेळावर कसा आणायचा, हेही कुणी सांगितलंत तर उपकार होतील. ("टीव्ही बंद कर" हे उत्तर बायकोने आधीच दिलंय.)